ठकूमावशींची अंबुली

ठकूमावशी कुठलीही वस्तू आधी नाकाला लावायच्या आणि मग तिच्याबद्दल मत द्यायच्या. कापसाचा नवा गठ्ठा, लवंगेच्या तेलाची बाटली, दातात भरायचं सिमेंट, पोस्टमनने दिलेलं पाकीट, सगळ्यांची हीच तपासणी. पेशंटसुद्धा यातून सुटत नसत. एखादा बागायतदार खुर्चीत बसून "तंबाखू सोडून वर्ष झालं, डॉक्टर" असं मला शपथेवर सांगत असायचा आणि मावशी ट्रे घेऊन त्याच्या मागून जाता जाता म्हणायच्या, "बाई, ह्यांनी आत्ता जिन्यात थुकली." मी चिडायचे. पेशंटसमोर असं बोलू नये, हे मी त्यांना निदान शंभर वेळा सांगितलं असेल. "मी कुटं बोलले? माझं नाक बोललं," असं म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या.

मी दातांची डॉक्टर. जन्म पुण्याचा. त्र्याण्णव साली लग्न करून नारायणगावात आले. सासरी द्राक्षबाग होती. हायवेला टोमॅटोचे ट्रक वळतात तिथल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर मी दवाखाना थाटला. हात माझा बरा होता, पण जीभ पुण्याहून येताना बरोबर आणलेली. पेशंट मागे म्हणत, "बाई दात काढताना दुखवीत न्हाई, बोलताना दुखविती." ते माझ्या कानावर यायचं आणि खोटं सांगत नाही, मला त्याचा थोडा अभिमानच वाटायचा.

ठकूमावशी पहिल्यांदा आल्या त्या गाल धरून. तळेघरच्या वरच्या अंगाला एका वाडीत त्यांचं माहेर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून धाकट्या भावाजवळ राहायच्या. भाताची कामं उरकली की टोमॅटो तोडायला नारायणगावात यायच्या. खुर्चीत बसल्या, पण तोंड उघडेनात. म्हणाल्या, "आदी हत्यार दावा." मी पक्कड दाखवली. त्यांनी ती उलटसुलट केली, हुंगली आणि म्हणाल्या, "हिच्या खिळ्याला तेल घाला, बाई. कुरकुरती." खरंच कुरकुरत होती. दाढ निघाली, त्यांनी चूळ भरली आणि बाहेर जाऊन बाकावरच्या रडणाऱ्या पोरीला सांगितलं, "काय न्हाई गं, मुंगी चावल्यावानी व्हतंय." पुढच्याच आठवड्यात मी त्यांना दवाखान्यात कामाला ठेवलं. भाऊ म्हणाला असेल, बरं झालं. मी तर नक्कीच म्हटलं.

रडणाऱ्या पोरांवरूनच फिशटँकचं डोक्यात आलं. पुण्याच्या दवाखान्यांतून तेव्हा अशा काचेच्या पेट्या दिसायला लागल्या होत्या. मी तीन फुटी टँक आणला. त्यात गप्पी, चार एंजल आणि पाण्यात वाढणाऱ्या पिसासारख्या पानांच्या वनस्पतीच्या जुड्या. काय सुंदर दिसायच्या त्या! बारीक बारीक चिरलेली पोपटी पानं देठाभोवती गोल बसलेली, मासा मधून गेला की सगळं हलायचं. आठ दिवसांत सगळ्यांचा लगदा झाला. पुन्हा आणल्या, पुन्हा लगदा. दुकानदाराने बाटलीतलं खत दिलं, त्याने नुसतं शेवाळ वाढलं. तिसऱ्यांदा आणल्या तेव्हा मावशींनी एक देठ तोडला, बोटांत चुरगळला आणि नाकाला लावला.

"बया! ही तर अंबुली."

"कसली अंबुली? ही परदेशी आहे, मावशी. पुण्याच्या दुकानात मिळते."

"पुन्यात मिळत आसंल. आमच्यात भाताच्या खाचरात उगवती. आमी उपटून बांदावर टाकतो."

मी हसले. माझा विश्वास बसला नाही आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. मावशी शनिवारी संध्याकाळी गावी जायच्या आणि सोमवारी सकाळी तीन गाड्या बदलून यायच्या. त्या सोमवारी त्यांनी डब्यातून हिरवागार भारा आणला. मी पाहिलं तर पानं चांगली रुंद, दातेरी, पुदिन्याच्या नात्यातली वाटावीत अशी. पिसाचा कुठे पत्ता नाही. "हे बघा, म्हटलं नव्हतं मी?" मी विजयाने म्हणाले. त्यांनी शांतपणे एक देठ उचलून खालचा भाग दाखवला. तिथे चिखलाने माखलेली दोनतीन पानं चिरलेली, पिसासारखी होती. "पान्यावर एक सोंग, पान्याखाली एक सोंग. बुडाली की पिसं काढती. दम धरा." वासही तोच होता, लिंबाच्या पानाचा आणि जरासा कापराचा. मी दम धरायचं कबूल केलं, पण पंधराच दिवस.

आता गंमत अशी की मावशींनी ती लावली कशी, तर भातासारखी. पाचसहा देठांचा चूड धरायचा, अंगठ्याने वाळूत दाबायचा, वीतभर सोडून पुढचा चूड. हात कोपरापर्यंत टँकमध्ये, कंबर वाकलेली आणि तोंडाने लावणीच्या वेळी म्हणायचं काहीतरी गुणगुणणं. पेशंट दातदुखी विसरून बघत बसले. आठवड्यात वरची रुंद पानं सडली, पाणी वास मारायला लागलं. चुडाच्या आत उजेड न पोचून देठही बुडातून काळे पडले. शिवाय त्या भाऱ्याबरोबर आलेल्या बेडूकमाशांना पाय फुटले आणि एक दिवस मी एका गुरुजींच्या दाढेत सिमेंट भरत असताना बेडूक त्यांच्या छातीवर येऊन बसला. गुरुजींना ओरडताही येईना, तोंडात कापूस! मी मावशींना म्हणाले, "आजच्या आज हा सगळा चिखल गटारात ओता."

"पंदरा दिस म्हनला व्हता. आज अकरावा हाय," मावशी म्हणाल्या आणि बेडकाला चिमटीत धरून जिना उतरल्या.

चौदाव्या दिवशी एका कुजक्या देठाच्या पेरातून हिरवा ठिपका निघाला. दोन दिवसांत त्याची पिसं झाली. मावशींनी सगळे चूड उपसले, सडकं काढून टाकलं आणि चांगली टोकं एकेक करून, अंतर ठेवून लावली. "माझंच चुकलं. भाताला संगत लागती, हिला न्हाई. हिला ज्येचा त्येचा उजेड पायजे," असं त्या स्वतःलाच म्हणत होत्या. मग त्यांनी मला टँक अंधाऱ्या कोपऱ्यातून खिडकीजवळ हलवायला लावला. "घरात भात लावतं का कोन?" हा त्यांचा सवाल. माझ्या नवऱ्याने, विलासने, बागेतला अनुभव सांगितला की शेंडा खुडला तर बगलेतून दोन फुटवे येतात. मावशींनी ते लगेच उचललं. अंबुली पाण्याच्या वर डोकं काढायला आली की त्या टाके कापायची जुनी कात्री घेऊन बसत, शेंडे कापत आणि तेच शेंडे पुढच्या रांगेत खोचत. वर्षभरात मागची काच दिसेनाशी झाली. लोडशेडिंगमध्ये सगळे जण घामाघूम होऊन बसलेले असायचे तेव्हा खिडकीच्या उजेडात त्या पिसांवर पाण्याचे बारीक बुडबुडे चढायचे आणि पोरं काचेला नाक लावून गप्प बसायची. ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं.

हळूहळू मावशींचं नाव झालं. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने टँक ठेवला होता, त्याची झाडं मरत होती. मावशी दुपारच्या सुट्टीत जाऊन त्याला अंबुली लावून आल्या. मग मंचरचा एक कापडवाला आला, जुन्नरची एक शाळा आली. "त्या अंबुलीवाल्या मावशी हायेत का?" असं विचारत लोक जिना चढायचे आणि मी डॉक्टर, मला बाजूला सरकून वाट द्यायला लागायची. मावशी पदर खोचून त्यांना खडसावायच्या, "खत घालायचं न्हाई. रोज उपटून मूळ बगायचं न्हाई. उजेड द्यायचा आन् गप ऱ्हायचं." आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या बाईला लोक विचारायला येत होते. त्यांची चालही बदलली होती, हे मी पाहत होते.

आणि हे सगळं मी एका सोमवारी मातीत घातलं.

नव्व्याण्णव सालचा श्रावण संपत आला होता. पावसाळ्यात टँकमध्ये गोगलगायी फार झाल्या होत्या, काचेवर शेवाळ चढलं होतं. मावशी म्हणत, हाताने काढू, घाई नको. मला घाई होती, पुण्याहून माझ्या मैत्रिणी दवाखाना बघायला येणार होत्या. आमच्या बागेत पाण्याच्या टाकीत शेवाळ झालं की मोरचुदाची पुरचुंडी बांधून सोडतात. घरात मोरचुदाला काय तोटा? शनिवारी मावशी गावी गेल्यावर मी निळ्या खड्यांची छोटी पुरचुंडी केली आणि टँकमध्ये टाकून दिली. माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण द्राक्षाला चालतं, टाकीला चालतं, मग इथे काय होणार, असं म्हणून मी कुलूप लावलं.

सोमवारी दार उघडलं तर सगळे मासे वर तरंगत होते. अंबुली काळीठिक्कर पडून तळाशी बसली होती. तेवढ्यात पेशंट यायला लागले, दहाबारा जण जमले, आणि कोणीतरी विचारलं, "डॉक्टर, हे काय झालं वो?" त्याच क्षणी मावशी जिन्यातून वर आल्या, हातात नेहमीचा डबा. आणि मी बोलले. काय झालंय ते मला पुरतं कळलेलं असताना बोलले. "यांना विचारा! सतरा वेळा सांगितलं, खाचरातली घाण आणून टँकमध्ये घालू नका. मारले ना सगळे मासे!"

मावशींनी डबा खाली ठेवला. बाह्या वर केल्या आणि टँकमध्ये हात घातला. मेलेले मासे काढताना कोपऱ्यातली पुरचुंडी त्यांच्या हाताला लागली. त्यांनी ती नाकाला लावली. मग मुठीत झाकली, बाहेर कोणाला दिसू दिली नाही. आत माझ्या खोलीत आल्या, दार लोटलं आणि पुरचुंडी माझ्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली.

"हे तुमचं," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी त्यांना हाक मारली नाही. बाहेर पेशंट खोळंबले आहेत, हे कारण मी स्वतःला दिलं. पहिला आठवडा मी रागात काढला, दुसरा वाट बघण्यात. तिसऱ्या आठवड्यात तो हॉटेलवाला दात दाखवायला आला. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "बरं झालं डॉक्टर, आमाला कळलं. तुमच्या मावशीनं लावलेला समदा पाला आमी उपसून टाकला. मंचरवाल्यानंबी टाकला. बाई मासे मारती म्हनं." मला वाटलं होतं, ते बोलणं माझ्या चार भिंतींत झालं. ते पार हायवेने फिरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून मी निघाले. घोडेगावहून तळेघरची एस.टी. धरली, पुढे तासभर पायी. मी आयुष्यात तेवढी चिखलात चालले नव्हते. एक चप्पल ओढ्यात गेली. मनात म्हणत होते, एवढी पायपीट करून आले म्हटल्यावर मावशी विरघळतील, म्हणतील, जाऊ द्या बाई. मावशी खाचरात तण काढत होत्या. दूरच्या टोकाला भावजय आणि दोघी बायका होत्या. मावशींच्या बाजूच्या बांधावर उपटलेल्या अंबुलीचे ढीग पडलेले होते, कोमेजलेले. मी बांधावर उभी राहिले.

"मावशी, चुकलं माझं."

"काय चुकलं?" त्यांचे हात थांबले नाहीत.

"मोरचूद मी टाकला होता. तुमच्यावर ढकललं."

"ते तुमाला म्हाईत हाय. मलाबी म्हाईत हाय." त्यांनी आणखी एक मूठ उपटून बांधावर टाकली. "हितं आपुन दोगीच. दोगींनाबी म्हाईत हाय. मंग हितं सांगून काय उपेग, बाई?"

मला रडू आलं, रागही आला. मी म्हणाले, "मग काय करू मी? पाया पडू?"

"पाया कशापायी पडता? जितं बोललात तितं सांगा. तशीच मान्सं भरलेली असताना सांगा. बाजारच्या दिशी मी येते." मग माझ्या पायाकडे बघून त्या पहिल्यांदा हसल्या. "आन् एक चप्पल घालून कशा जानार? थांबा, माझ्या घालून जावा."

बाजारच्या दिवशी त्या आल्या. आपल्या स्टुलावर बसल्या नाहीत, पेशंटच्या बाकावर बसल्या, मांडीवर डबा घेऊन. दवाखाना भरलेला. मी एक पेशंट तपासला. दुसरा तपासला. तिसऱ्याच्या वेळी दाराच्या फटीतून पाहिलं तर त्या तशाच बसलेल्या, समोर रिकामा टँक. मी पाच पेशंट काढले. एवढी भीती मला कॉलेजच्या तोंडी परीक्षेतही वाटली नव्हती. शेवटी हातमोजे न काढताच मी बाहेर आले.

"सगळ्यांनी जरा ऐका," मी म्हणाले. "मागे या टँकमधले मासे मेले. मी मावशींचं नाव घेतलं. ते खोटं होतं. मोरचूद मी टाकला होता, मला माहीत होतं, आणि तरी मी त्यांच्यावर ढकललं. माझं चुकलं. मावशी, मला माफ करा. आणि तुम्ही सगळे जिथे जिथे जाल तिथे हे सांगा."

सुजलेल्या गालाचे एक आजोबा म्हणाले, "बरं. मंग माजी दाढ कवा काडताय?" मावशी उठल्या, पदर खोचला, स्टुलावर जाऊन बसल्या आणि रजिस्टर उघडलं. "कोनाचा नंबर हाय? चला, आजोबा, आत चला. तंबाखू थुकून या आदी." डब्यात त्यांनी अंबुली आणली होती. दुपारी टँक धुऊन आम्ही दोघींनी ती लावली, एकेक देठ, अंतर ठेवून. हॉटेलवाल्याकडे मी स्वतः गेले. त्या दिवसानंतर कोणावर बोलायच्या आधी मी एकदा थांबते. नेहमी जमत नाही, पण थांबते.

पुढे सहा-सात वर्षं मावशी माझ्याकडे होत्या. मग गुडघे जिना चढू देईनात, तेव्हा त्या कायमच्या गावी गेल्या. जाताना मला अंबुलीची छाटणी तीनदा करून दाखवली आणि तीनदा म्हणाल्या, "तुमचा हात घाईचा हाय." वर्षाच्या आत निरोप आला, मावशी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं.

दशक्रियेला मी गेले. आमच्या भागात दशक्रियेला घाटावर माइक असतोच आणि चार जण बोलल्याशिवाय विधी पुरा होत नाही. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, दोघांनाही मावशींबद्दल फारसं काही माहीत नव्हतं. मग कोणीतरी म्हणालं, "डॉक्टरीणबाई दोन शब्द बोलतील." मी उठले. मला एवढंच वाटलं की बोलणं इथपर्यंतही आलं असेल. ज्या गावात मावशींना कामावरून हाकललं म्हणून तीन आठवडे तोंड लपवावं लागलं असेल, तिथे तरी मी हे अजून सांगितलेलं नाही. म्हणून मी सगळं सांगितलं. मोरचूद, मासे, मी काय बोलले ते, आणि त्यांनी मला माफी कुठे मागायला लावली ते.

माइक खाली ठेवला तेव्हा मावशींचा धाकटा भाऊ माझ्याजवळ आला. डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा.

"बाई, ह्ये आमाला काईच म्हाईत न्हवतं," तो म्हणाला. "आक्का तर म्हनली व्हती, डॉक्टरीणबाईंनी तन काडायला सुट्टी दिलीया. तीन आठवडे समद्या वाडीत सांगत फिरत व्हती, आमच्या बाईसारखी बाई न्हाई."

मी त्याचा हात धरला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने रडले.